सेंटरमधून घरी आल्यावर

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा (मेफेड्रोन, नशेची पावडर) कारखाना सापडला तेव्हा आमच्या सिडकोत सगळे तेच बोलायचे, पण त्या नशेतून बाहेर पडणाऱ्या पोरांबद्दल कोणी काही बोलत नाही. माझा मावसभाऊ व्यसनमुक्ती सेंटरमधून आला तर मावशीला वाटलं झालं, सुटला पोरगा. कसलं काय! एमडी सुटल्यावर नुसती झोप, चिडचिड, कशातच मन नाही, आणि गर्दवाल्यांना (हेरॉईन घेणाऱ्यांना) देतात तशी ठरलेली गोळी यावर नाहीये, काउन्सेलिंग आणि रूटीन यावरच सगळं. मग आम्ही सकाळी त्याला घेऊन गोदाघाटावर चालायला जायचो, येताना मिसळ. जुने नंबर त्यानेच डिलीट केले, मोबाईल आम्ही चेक करत नाही, त्याने लपवाछपवीच वाढते. लग्नात काकालोक सगळ्यांसमोर "काय रे, सुधारलास का?" विचारतात ना, डोकंच फिरतं माझं. शुगरवाल्याला विचारता का असं?

आणि परत घसरला तर तमाशा नको, डॉक्टर गाठा. गर्दमध्ये तर फारच जपायचं, गॅपनंतर शरीराची सवय गेलेली असते, जुनाच डोस जिवावर बेततो. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, घरच्यांनीही फोन केला तर चालतो. मी आधी मावशीलाच लावायला लावला.