तुम्ही विचारलंत म्हणून : जुना ‘ब्लेड रनर’ मी आजही का खेळते

‘एवढे नवे गेम पडलेले असताना तुम्ही तो १९९७ चा ‘ब्लेड रनर’च पुन्हा पुन्हा का खेळता?’ आणि त्याच्या मागोमाग, ‘पण तो आताच्या कॉम्प्युटरवर चालतो तरी कसा?’ ओळखीतल्या कॉलेजच्या मुलांपासून माझ्या वयाच्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. दर वेळी मी अर्धंमुर्धं उत्तर देते, कारण नीट सांगायचं तर बसून बोलावं लागतं. आज बसलेच आहे.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. रिडली स्कॉटचा याच नावाचा चित्रपट १९८२ चा. त्यानंतर पंधरा वर्षांनी लास वेगासच्या वेस्टवूड स्टुडिओजने (‘रेड अलर्ट’ हा युद्धाचा गेम काढणारे ते हेच) त्याच जगात घडणारी, पण वेगळी गोष्ट घेऊन हा गेम काढला. चित्रपटाचा नायक इथे नाही. इथे रे मॅकॉय नावाचा नवखा पोलीस आहे. स्थळ लॉस एंजेलिस, काळ नोव्हेंबर २०१९. माणसांसारखे दिसणारे आणि बोलणारे कृत्रिम जीव, म्हणजे रेप्लिकंट, पृथ्वीवर लपूनछपून राहतात. त्यांना हुडकून मारणं ही मॅकॉयची नोकरी. सुरुवात होते रन्सिटर नावाच्या माणसाच्या प्राण्यांच्या दुकानात. कुणीतरी आत घुसून तिथले प्राणी मारून टाकलेत. त्या जगात खरे प्राणी जवळजवळ उरलेलेच नाहीत, म्हणून या गुन्ह्याला खुनाइतकंच वजन आहे.

पंचनामा तुम्ही करायचा. फोडलेलं दार, लंगडणाऱ्या माणसाच्या पावलांचे ठसे, बाहेर पडलेला क्रोमचा तुकडा, कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा. माऊस फिरवत शोधाल ते तुमचं, राहिलं ते राहिलं. माझ्या मते गेमचा खरा मोठेपणा इथे आहे. त्या काळातल्या बहुतेक साहसी गेममध्ये एखादी वस्तू उचलायची राहिली, की गोष्ट तिथेच अडून बसायची. हा गेम अडत नाही. पुरावा निसटला तर तो निसटलेलाच राहतो, आणि तुम्ही अपुऱ्या माहितीवर पुढे जाता. पुढे जाऊन एखाद्यावर बंदूक रोखता तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक नसतं. खऱ्या तपासात तरी कुठे सगळं ठाऊक असतं?

त्यात भर म्हणजे, नवा गेम सुरू केला की काही पात्रं माणूस की रेप्लिकंट हे कॉम्प्युटर त्याच क्षणी ठरवतो आणि तुमच्यापासून लपवून ठेवतो. रन्सिटरच्या दुकानात काम करणारी चौदा वर्षांची लूसी, क्लबमध्ये नाचणारी डेक्टोरा, स्टेजवर विनोद सांगणारा गॉर्डो. यांच्यापैकी कोण काय निघेल हे आधी खेळून कळत नाही. मागच्या वेळी जी रेप्लिकंट होती ती या वेळी साधी, घाबरलेली मुलगी असू शकते. पुन्हा ही माणसं तुमची वाट बघत एका जागी उभी राहत नाहीत. तुम्ही शहराच्या एका टोकाला असताना ती दुसऱ्या टोकाला आपापली कामं करत असतात. क्रिस्टल स्टील नावाची दुसरी पोलीसही त्याच प्रकरणामागे आहे आणि तिला सापडलेले पुरावे पोलिसांच्या मुख्य कॉम्प्युटरमार्फत तुमच्या टिपणवहीत येतात. शेवटही एक नाही. डझनभर तरी आहेत.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. गुन्हेगार कोण हे एकदा कळलं की रहस्यकथेत दुसऱ्यांदा बघण्यासारखं फारसं उरत नाही, असं आपण धरून चालतो. इथे दुसऱ्या वेळीही मला संशय घ्यावा लागतो, आणि तो आपल्या जबाबदारीवर घ्यावा लागतो. संशय चुकीचा निघाला तर गेम ओरडून सांगत नाही. बातमी कानावर येते, वरिष्ठाचं बोलणं बदलतं, एवढंच. हा संयम मला आजच्या फार थोड्या गेममध्ये दिसतो.

आणि ते शहर. पाऊस थांबतच नाही. मॅकॉयच्या घराला बाल्कनी आहे. तिथे जाऊन उभं राहिलं की खाली दिव्यांचा समुद्र, वरून जाणारी वाहनं, आत मॅगी नावाची कुत्री. तिथे तपासाला उपयोगी पडेल असं काही नाही, तरी मी दर वेळी जाते. चित्रपटाला वांगेलिस या संगीतकाराचं संगीत होतं. मूळ ध्वनिमुद्रण हाताशी नसल्यामुळे वेस्टवूडचा संगीतकार फ्रँक क्लेपॅकी याने ते कानाने ऐकून नव्याने उभं केलं. बाल्कनीत ते वाजतं तेव्हा कुणाचं मूळ आणि कुणाचं नव्याने केलेलं, हा विचारही माझ्या मनात येत नाही.

आता दुसरा प्रश्न, चालतो कसा.

गेम चार सीड्यांवर यायचा. आजच्या लॅपटॉपला सीडीची फट नसते, आणि बाहेरून ड्राइव्ह जोडला तरी आजच्या विंडोजवर मूळ प्रोग्राम सरळपणे चालत नाही. एरवी अशा वेळी कंपनीने जुना सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर, काढून दुरुस्त करावा. पण इथे तो उरलेलाच नाही. वेस्टवूड ईए या मोठ्या गेम कंपनीने १९९८ मध्ये विकत घेतली आणि २००३ मध्ये बंद केली. लास वेगासमधला गाशा गुंडाळून लॉस एंजेलिसला हलताना कोड आणि मूळ चित्रसामग्री हरवली, असं वेस्टवूडचे एक संस्थापक लुई कॅसल यांनी सांगितलेलं आहे. म्हणजे ज्यांनी गेम लिहिला त्यांच्याकडेसुद्धा तो कसा लिहिला याचा कागद नाही.

वाट काढली ती स्कमव्हीएमवाल्यांनी. स्कमव्हीएम हा २००१ पासून चालत आलेला फुकट आणि मुक्त प्रकल्प. जुन्या साहसी गेमच्या फाइल्स वाचून त्या आजच्या यंत्रावर चालवणारा प्रोग्राम तो पुरवतो. जुना कॉम्प्युटर आत नकली उभा करायचा, अशी त्याची पद्धत नाही. गेमचं इंजिनच, म्हणजे त्या फाइल्स चालवणारा मूळ प्रोग्रामच, नव्याने लिहायचा, ही आहे. ‘ब्लेड रनर’साठी मोजक्या लोकांनी मोकळ्या वेळात, कित्येक वर्षं खपून, सीडीवरचा तयार प्रोग्राम उलटा उलगडला. कुठलं पात्र कुठल्या मिनिटाला कुठे जातं, कुठला पुरावा कुणाच्या हाती लागला की कोण काय बोलतं, हे सगळं यंत्राच्या भाषेतून वाचून काढून पुन्हा लिहिलं. तपास करणाऱ्या माणसाच्या गेमचाच असा तपास झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये स्कमव्हीएमच्या २.१ आवृत्तीत हा गेम अधिकृतपणे आला. गोष्ट घडते त्याच्या बरोबर एक महिना आधी. त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तो मी जमेल तिथे बोलून दाखवते.

त्याच वर्षी डिसेंबरात गॉग या ऑनलाइन दुकानात स्कमव्हीएमसकट गेम विकायला आला. सीड्या नसतील तर हाच सोपा रस्ता: विकत घ्या, उतरवून घ्या, खेळा. सीड्या असतील आणि ड्राइव्ह मिळत असेल तर त्यांतल्या फाइल्स एका फोल्डरमध्ये घाला. फक्त एक लक्षात ठेवा. चारही सीड्यांवर सीडीफ्रेम्स नावाची एकसारखी फाइल आहे. कॉपी करताना प्रत्येकीच्या नावापुढे १, २, ३, ४ असा सीडीचा आकडा लावा, नाहीतर एक दुसरीवर चढेल आणि मागची पुसली जाईल.

स्कमव्हीएमने आणखी एक मोठं काम केलं. मूळ इंग्रजी गेमला सबटायटल्स नव्हती. पावसाच्या आवाजात, तोंडातल्या तोंडात बोलणारी ती अमेरिकी पात्रं, त्यात अर्धे पुरावे संवादांतच. इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्या आपल्यासारख्यांचं तिथे निम्मं बोलणं वाहून जायचं. आता सबटायटल्सची फाइल वेगळी मिळते. माझ्या मते मराठी माध्यमातून आलेल्या प्रत्येकाने ती लावूनच खेळावं. त्यात कमीपणा काही नाही आणि गोष्ट पूर्ण हाती येते.

लोक पुढे विचारतात, मग ती २०२२ ची सुधारलेली आवृत्ती का नाही घेत? मूळ चित्रफिती सेकंदाला १५ फ्रेम्सच्या, म्हणजे १५ चित्रांच्या, होत्या. त्यांच्या मधल्या जागा यंत्राने भरून ६० केल्या आणि चित्र मोठं, गुळगुळीत केलं. ती बाजारात आली तेव्हा मूळ गेम वेगळा मिळेनासा झाला होता. खेळणाऱ्यांनी ओरड केल्यावर तो परत आला. माझा आक्षेप जुनं तेच सोनं म्हणून नाही. या गेममध्ये एस्पर नावाचं यंत्र आहे. त्यात फोटो घालायचा आणि आत आत शिरत जायचं, कोपऱ्यातला आरसा, पाठमोऱ्या माणसाचा हात, टेबलावरचं काहीतरी. चित्रातले ठिपके हाच इथे पुरावा आहे. ते ठिपके पुसून यंत्राने आपल्या अंदाजाने नितळ केले, तर मी कशाच्या आधारावर संशय घ्यायचा? मूळ चित्र ६४० बाय ४८० चं आहे. तेवढ्याच प्रमाणात राहू द्या, बाजूला काळे पट्टे येतात ते येऊ द्या, खोलीतला दिवा बारीक करा. दहा मिनिटांत डोळा बसतो.

कुणी सुरू करणार असेल तर माझं म्हणणं थोडक्यात. मॅकॉयचा बोलण्याचा सूर ठरवता येतो. त्यात ‘यूझर चॉइस’ निवडा, म्हणजे काय विचारायचं हे तुमच्याकडे राहील. वॉइट-कॅम्फ चाचणी, म्हणजे समोरचा माणूस आहे की नाही हे प्रश्न विचारून ठरवायचं यंत्र, ती घेताना एकदम तीव्र प्रश्नांवर उडी मारू नका. साध्या प्रश्नांनी काटा किती हलतो ते आधी बघा. चायनाटाउनमधला आचारी झूबेन पळाला की त्याच्या मागे जाल आणि बोळात तो समोर येईल. त्याच्या आधी सेव्ह करून ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. गोळी घालायची की जाऊ द्यायचं ते एकदाच ठरवा आणि त्या निर्णयासह पुढचा सगळा गेम खेळा. स्कमव्हीएममध्ये मूळ कंपनीने वगळलेले प्रसंग परत आणण्याची सोयही आहे. मला ते आवडतात, पण पहिल्या वेळी ती बंदच ठेवा. ते दुसऱ्या खेपेसाठी.