लुईज फारांक यांच्या सहवासातली दुपार

आजची सुट्टीची दुपार लुईज फारांक (१८०४–१८७५) या फ्रेंच संगीतकर्तीची जी मायनर या स्वरश्रेणीतील तिसरी सिम्फनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) ऐकण्यात गेली. एकट्या ओबोच्या (सनईसारखे एक फुंकवाद्य) सुरांनी ती उघडते, मग इतर वाद्ये एकेक करून त्यात मिसळत जातात आणि संथ प्रस्तावना ओसरताच तंतुवाद्ये अशी काही वेग घेतात की हातातले काम बाजूला ठेवावेच लागते. या वाद्यवृंदात ट्रम्पेट नाहीत, तरीही ध्वनी कुठे तोकडा वाटत नाही.

ऑपेराने झपाटलेल्या तत्कालीन पॅरिसमध्ये या बाईंनी एकही ऑपेरा लिहिला नाही; सिम्फनी आणि चेंबर संगीत (मोजक्या वादकांसाठीच्या रचना) हेच त्यांचे क्षेत्र राहिले, आणि माझ्या मते त्यांच्या विस्मरणाला केवळ स्त्री असणे नव्हे, तर ही निवडही तितकीच कारणीभूत ठरली. १८४२पासून त्या पॅरिस कॉन्झर्व्हेटॉयर या संगीत महाविद्यालयात पियानोच्या प्राध्यापक होत्या, मात्र पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी पगारावर. १८५०मध्ये त्यांच्या नऊ वाद्यांच्या ‘नोनेट’चा पहिला प्रयोग झाला, त्यात पुढे विख्यात झालेला तरुण वादक योझेफ योआखिम व्हायोलिनवर होता. त्या यशानंतर त्यांनी समान वेतनाची मागणी रेटली आणि ती मान्य करून घेतली. (पगारवाढीसाठी इतका सुरेल अर्ज क्वचितच कोणी केला असेल!)

१८५९मध्ये पियानोवादक मुलगी व्हिक्टोरिन गेली. त्यानंतर जुन्या कीबोर्ड संगीताच्या ‘त्रेझोर दे पियानिस्त’ या ग्रंथमालेचे काम त्यांनी पतीसोबत हाती घेतले आणि १८६५मध्ये पतीच्या निधनानंतर ते एकटीने पुढे नेले. आता रात्री तो नोनेट ऐकणार आहे.