गाडीच्या अंगात आलं होतं

आठवडाभर गाडी झपाटल्यासारखी वागत होती. कडक उन्हात वायपर चालू, लॉक केली तरी इंडिकेटर लुकलुकतायत, सकाळी बॅटरी डाऊन. आई म्हणाली, लिंबू-मिरची बांध. मी शहाणा, नवी बॅटरी घेऊन बसलो!

आज मेकॅनिककाकांनी डॅशबोर्डखालून बॉडी कंट्रोल मोड्यूल, म्हणजे वायपर-इंडिकेटर सांभाळणारा गाडीचा छोटा कॉम्प्युटर, काढून दाखवलं. पिनांवर हिरवा गंज. काचेखालच्या जाळीत पाला तुंबून पावसाचं पाणी थेट त्याच्यावर झिरपत होतं. नवीन बसवायला अर्धा तास, कोडिंगला, म्हणजे त्याची गाडीशी आणि चाव्यांशी ओळख जुळवायला, अख्खी दुपार. त्यात दोन्ही चाव्या हव्यात म्हणे. दुसरी घरी, देवघराच्या खणात. रिक्षाने जाऊन आणली.

जाळीतून मूठभर चिंचेचा पाला निघाला. पार्किंग हलवायला हवं, पण सोसायटीत सावली तेवढीच आहे.