वीसपैकी सहा

परीक्षकांनी तपासलेलं पुन्हा पाहणाऱ्या मॉडरेटरकडे सगळ्या उत्तरपत्रिका येत नाहीत. काठावरच्या, फार वरच्या आणि मधल्या थोड्या, एवढ्याच. त्यामुळे हे उत्तर माझ्या हाती आलं हा योगायोगच. प्रश्न नेहमीचा: चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीतल्या ओकोंक्वोची अभिजात शोकात्म नायकाशी तुलना करा. मार्किंग स्कीमही नेहमीची, ॲरिस्टॉटलच्या शोकांतिका-विचारावरून घेतलेली: उच्च स्थान, प्रमाद (नायकाच्या हातून घडणारी चूक), स्थितिविपर्यास (परिस्थिती एकदम उलटणं), अभिज्ञान (न कळलेलं कळणं), अंत. प्रत्येकाला चार गुण. अशी स्कीम करणाऱ्यांनी ॲरिस्टॉटल गाइडमधूनच वाचलेला असतो, असं माझं ठाम मत आहे.

उत्तराच्या पहिल्याच ओळीत विधान होतं की ओकोंक्वोला अभिज्ञान होतच नाही. सोफोक्लीजच्या ग्रीक नाटकातला थीब्जचा राजा इडिपस स्वतःचा शोध स्वतः घेतो. ज्याला तो बाप समजतो तो पॉलिबस वारला हे सांगायला करिंथहून आलेला दूत आईबापांविषयीच्या भविष्यवाणीची त्याची भीती घालवायला जातो आणि त्याच बोलण्यातून त्याचं जन्मरहस्य उघडं पाडतो. विपर्यास आणि अभिज्ञान एकाच क्षणी. ओकोंक्वो मात्र 'हा मुलगा तुला बाप म्हणतो, त्याच्या वधात हात घालू नकोस' असं बजावलं असतानाही आपल्या घरी वाढलेल्या इकेमेफुनावर कोयता चालवतो, आणि पुढे उमुओफिया या आपल्या गावातून झालेल्या सात वर्षांच्या हद्दपारीतही वडिलांसारखं दुबळं ठरण्याची आपली भीती तपासून पाहत नाही. यापुढचं वाक्य मी उतरवून घेतलं: 'इडिपस कोसळतो तेव्हा थीब्ज वाचते; ओकोंक्वो कोसळतो तेव्हा उमुओफिया आधीच कोसळलेलं असतं, म्हणून त्याच्यासाठी शोक करायला कोरस उरत नाही.' (कोरस म्हणजे ग्रीक नाटकात घटनांवर भाष्य करणारा समूह.)

या उत्तराला वीसपैकी सहा!

परीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, अभिज्ञानच नाकारलंय. त्याचे चार गुण कुठून देऊ? विपर्यासाचं उपशीर्षकसुद्धा नाही." माणूस प्रामाणिक आहे, रोजचा गठ्ठा वेळेत संपवतो. पण उपशीर्षकं मोजणं म्हणजे तपासणं नव्हे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. शेरा लिहून गुण पंधरा केले.

तरी ते उत्तर डोक्यातून जात नाही, कारण मुख्य विधान मला पूर्ण पटलेलं नाही. गावाच्या शेवटच्या सभेत ओकोंक्वो इंग्रज सरकारच्या कोर्टाच्या शिपायाला ठार मारतो. लोक बाकीच्या शिपायांना निसटू देतात, आणि 'याने असं का केलं?' हे त्याच्या कानावर पडतं. उमुओफिया लढणार नाही, हे त्याला तिथे कळतं. ॲरिस्टॉटलची व्याख्या अज्ञानातून ज्ञानाकडे जाण्याची आहे, ज्यातून माणसांमध्ये स्नेह किंवा वैर उभं राहतं. नायकाने स्वतःलाच ओळखावं, अशी अट तिच्यात नाही. म्हणजे हे अभिज्ञानच. फक्त इडिपसला आपण कोण हे कळतं आणि ओकोंक्वोला आपली माणसं कोण हे.

आणि कोरस? ओकोंक्वो शेवटी आत्महत्या करतो, आणि अशा माणसाच्या देहाला गाववाल्यांनी हात लावायचा नाही, ही तिथली रीत. पण त्याचा मित्र ओबिएरिका इंग्रज डिस्ट्रिक्ट कमिशनरला सुनावतोच की, हा उमुओफियातल्या थोर माणसांपैकी एक होता. एकट्याचाच, पण तो शोक आहे. विद्यार्थ्याने ओबिएरिकाचा उल्लेखच केलेला नाही. तो असता तर मी अठरा दिले असते. स्कीमप्रमाणे मात्र त्या उल्लेखालाही शून्यच गुण होते.