आमच्या डब्याला मागचा बंपर बसवला त्याची हकिगत

बंपर बसवायची बुद्धी झाली ती तुळशी वृंदावनामुळं. बेळगावच्या शहापूरमधली आमची गल्ली एवढी अरुंद की समोरनं रिक्षा आली तर दोघांतल्या एकानं मागं सरकायचंच, आणि त्यात मी बोलेरोला ट्रेलर जोडून रिव्हर्स घेत होतो. मेहुणा मागं उभा राहून "या दाजी, या, अजून या" म्हणत होता, मध्येच त्याला फोन आला, फोनवरच्या माणसाला पण तो "हां, या की" म्हणाला आणि मी आलो. कट्ट आवाज झाला. आई पळत आली आणि आधी तुळस बघितली. वृंदावन दगडी, त्याला काय होतंय, झाकणाची खालची कड मात्र फुटली होती.

झाकण म्हणजे काय ते सांगतो. घरीच बनवलेला टीअरड्रॉप ट्रेलर आहे आमचा, ५ बाय ८ फुटाचा, १२ मिमीचा प्लाय, वरनं ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढनं गोल आणि मागं निमुळता होत गेलेला, आत दोघं झोपतील एवढी गादी आणि मागचं झाकण वर उचललं की खाली ओटा, गॅस, भांडी. अमेरिकेत १९३० च्या दशकात हा प्रकार निघाला, लोकांनी घरच्या घरी बनवले. आमच्या गल्लीतली पोरं त्याला शेंगदाणा म्हणतात, आई डबा म्हणते, मी पण आता डबाच म्हणतो. पेपरचं काय असं विचारणारे असतातच, तर ट्रेलर हे कायद्यानं स्वतंत्र वाहन धरतात, त्याला स्वतःचा नंबर लागतो, ते रामायण परत कधीतरी.

तर कड फुटली, रबर फाटलं, आणि चार दिवसांनी वळीव आला तो सरळ ओट्यावर. पिठाचा डबा भिजला. बायको एवढंच म्हणाली, की तुमच्या गाडीला मागं हाडूक नाही. खरंच नव्हतं, मागनं काय आपटलं तर पहिला मार प्लायलाच.

उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, ओळखीच्या मिस्त्रींकडं डबा घेऊन गेलो. वय साठीच्या पुढं, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी खाली वाकून चासी बघितली आणि म्हणाले, "सर, यात काय हाय, मागं पाइपचे दोन हात वेल्ड मारायचं, त्यांच्या टोकाला आडवा पाइप, संध्याकाळी घेऊन जावा." वर त्यांना जुन्या जीपला असतात तशी शिंगं काढायची होती दोन्ही टोकांना, गोल पाइपची. ते मी नको म्हणलं. एकतर केंद्राच्या परिवहन खात्यानं २०१७ च्या डिसेंबरात क्रॅश गार्ड, बुल बार असल्या प्रकारांवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलेलं, आणि दुसरं म्हणजे बाजारात त्या शिंगात कुणाचा पायजमा अडकला तर निस्तरायचं कुणी. बंपर डब्याच्या रुंदीच्या आत, टोकं बंद, कोपरे घासून गोल, एवढंच पाहिजे म्हणलं. मामांचं तोंड जरा उतरलं.

आमची चासी ५० बाय ५० च्या ३ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपची. तिच्यावरच थेट प्लायची फळी बसलेली. मामांनी क्लॅम्प लावला आणि पहिला टॅक, म्हणजे वेल्डचा नुसता ठिपका, मारला, दुसरा मारला, आणि मला लाकूड जळल्याचा वास आला. आधी वाटलं शेजारच्या गाळ्यातनं येतोय. मग बघतो तर पाइप आणि फळीच्या मधनं बारीक निळसर धूर निघायलाय. मामा पोऱ्यावर ओरडले, "ए, नीर तगोंड बा!" म्हणजे पाणी घेऊन ये. पोऱ्यानं भिजवलेलं गोणपाट आणून दाबलं, चुर्र झालं. फळीला खालनं आठ आण्याएवढा काळा डाग पडला, बाकी काय नाही. पण आत गादी होती हो, स्पंजची. ती मी काढलीच नव्हती, बॅटरीची वायर पण काढली नव्हती, वेल्डिंगच्या आधी दोन्ही काढायची असतात हे मला माहीत असून. तुम्ही कराल तेव्हा अर्थिंगचा चिमटा पण वेल्डच्या जवळच लावा, लांब लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधनं फिरून येतो आणि बेअरिंग खराब करतो.

वेल्डिंग बंद. चहा मागवला. मी म्हणलं बोल्टनं करूया, मामा म्हणाले मग मोठा पाइप चासीवर बाहेरनं चढवू मोज्यासारखा. पण वरच्या अंगाला फळी चिकटलेली, मोजा चढणार कुठनं? मग उलटं सुचलं, बाहेरनं नको तर आतनं. चासीच्या दोन्ही पाइपांची मागची तोंडं उघडीच होती, नुसती प्लास्टिकची बुचं लावलेली. ५० च्या पाइपची आतली मोकळी जागा ४४ मिमी. त्यात ४० बाय ४० चा ४ मिमी जाडीचा पाइप दीड फूट आत घालायचा, एक फूट बाहेर ठेवायचा, आणि जी ४ मिमीची ढिलाई राहते ती भरायला चारी बाजूंना २ मिमीच्या पट्ट्या. पाइपच्या आत वेल्डची एक उभी रेघ असते, ती आड येते, तिथं पट्टी अरुंद कापली. पहिला हात बसवताना मामांनी ग्रीस लावून लाकडी हातोड्यानं ठोकला तेव्हा तो असा घट्ट आणि सरळ आत गेला की दोघं पण एकमेकांकडं बघून हसलो.

प्रत्येक हाताला १० मिमीचे तीन बोल्ट, आडवे, आरपार. इथं एक गोष्ट मामांनी शिकवली. पोकळ पाइप बोल्टनं आवळला की भिंती आत दबतात, मग बोल्ट कधीच नीट घट्ट होत नाही, दबत दबत ढिला होतो. म्हणून आतल्या पाइपला आधी बाहेर काढून मोठी भोकं मारायची, त्यात आरपार जाड बुश, म्हणजे लोखंडी नळी, घालून वेल्ड करून घासायचा, आणि बोल्ट त्या बुशातनं. हे वेल्डिंग डब्यापासनं दहा फुटांवर, त्यामुळं मी निवांत.

पण भोकं मारायच्या आधी नुसतं क्लॅम्पवर लावून बघूया म्हणलं हे नशीब. आडवा पाइप १०० बाय ५० चा, जागेवर धरला, एकदम भारी दिसायला लागला, मामा पण खूश, आणि बायकोला दाखवायला म्हणून मी झाकण उघडायला गेलो तर हँडलच फिरेना. झाकणाचं हँडल खालच्या कडेला मध्ये आहे, ते खाली वळवायला चार बोटं जागा लागते, आणि बंपर दोन इंचांवर. म्हणजे जेवण करायचं तर आधी बंपर काढा. हात अडीच इंच बाहेर ओढले, तेव्हा कुठं हँडल फिरलं.

उंचीचं पण तसंच. मामांना तो खाली लोंबता पाहिजे होता, जमिनीपासनं दहा इंचांवर, "कारला असतो तसा शोभतोय" म्हणून. मी दोरी घेतली, एक टोक टायर जमिनीला टेकतो तिथं, दुसरं बंपरच्या खालच्या कडेला. रस्त्याचा जो उंचवटा त्या दोरीच्या वर येईल तो बंपरला घासणार, एवढं साधं गणित. दहा इंचाला दोरी जवळजवळ आडवीच, दहा अंश असेल नसेल. चासीच्या पातळीला, म्हणजे सोळा इंचाला धरला तर सोळा-सतरा अंश मिळाले. जांबोटीकडचे कच्चे रस्ते बघितलेल्या माणसाला जास्त सांगायला नको, सोळावरच ठेवला.

बाकी रेडऑक्साइडचे दोन हात, वर काळा रंग, लाल रिफ्लेक्टर दोन. आणि आडव्या पाइपला खालनं ८ मिमीची तीन भोकं, कारण इथला पाऊस कुठनं आत जाईल सांगता येत नाही, पण आत गेलेल्याला बाहेर यायला वाट पाहिजे, नाहीतर पाइप आतनं कुजतो आणि वरनं रंग छान असतो. सामान, मजुरी धरून साडेचार हजार गेले.

इथवर सगळं झकास. मग मला शहाणपण सुचलं. एवढा मजबूत बंपर आहे तर त्यावर स्टेपनी का लावू नये, आणि पाण्याचा वीस लिटरचा कॅन पण. लावलं, आणि रविवारी हिडकल डॅमला निघालो.

वंटमुरीच्या उताराला हायवेवर साठ-पासष्टचा स्पीड, शेजारनं एक बस गेली, तिच्या वाऱ्यानं डबा जरा डुलला. तो नेहमीच जरा डुलतो आणि थांबतो, या वेळी थांबला नाही, प्रत्येक डुलकी आधीच्यापेक्षा मोठी. आरशात डबा एकदा डावीकडं दिसतोय, एकदा उजवीकडं, बोलेरोचं ढुंगण त्याच्यासोबत हलायलंय. बायकोनं वरचं हँडल धरलं, बोलली काहीच नाही, ते जास्त वाईट. ब्रेक मारायचा नाही एवढं कुठंतरी वाचलेलं डोक्यात होतं, पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, चाळीसवर आल्यावर डबा शांत झाला. बाजूला घेऊन दोघं पाच मिनिटं नुसती बसून राहिलो. तिथनं हिडकलला पस्तीसनं गेलो आणि पस्तीसनंच परत आलो.

दुसऱ्या दिवशी घरातला वजनकाटा ठेवला, त्यावर लाकडाचा ठोकळा, त्यावर ट्रेलरचं पुढचं नाक, जे बोलेरोला जोडतो ते. बंपरच्या आधी हेच वजन ५० किलो होतं, मी वहीत लिहून ठेवलेलं, आणि सगळ्या सामानासकट डबा ४३० किलो. पुढच्या नाकावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पाहिजे असा या धंद्यातला अंदाज आहे, तेव्हा साडेअकरा टक्के होता. आता काट्यावर २४.

मग कागदावर मांडलं. डबा म्हणजे शेवटी तराजूच, ॲक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, मध्ये. नाकापासनं ॲक्सल ९ फूट, ॲक्सलपासनं बंपर साडेचार फूट, म्हणजे मागं एक किलो टांगला की पुढनं अर्धा किलो उचलला जातो. बंपर १९ किलो, स्टेपनी १२, भरलेला कॅन २१, झाले ५२, त्याचे निम्मे २६, आणि पन्नासातनं सव्वीस गेले चोवीस. काटा बरोबर बोलत होता. एकूण वजन ४८२ झालेलं, त्याच्या ५ टक्के नाकावर. मागं जड आणि पुढं हलका झालेला ट्रेलर शेपूट हलवतो, आणि ते शेपूट मीच साडेचार हजार घालून जड केलं होतं.

बंपर काढायचा नव्हता, तेवढा मानी मी आहे. स्टेपनी काढून पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर बसवली, ॲक्सलपासनं सात फूट पुढं, तिथं ती नाकावर नऊ-सव्वानऊ किलो घालते, म्हणजे बंपरनं उचललेलं साडेनऊ जवळजवळ भरून निघालं. कॅन आत आणला, बरोबर चाकांच्या वर, गादीच्या खालच्या खणात, तिथं तो ना पुढं ना मागं. काट्यावर परत ५० च्या आसपास. त्यानंतर त्याच उताराला, त्याच स्पीडला दोनदा जाऊन आलो, शेजारनं ट्रक गेला तरी एकदा डुलतो आणि गप्प बसतो.

मामांना जाऊन सगळं सांगितलं. म्हणाले, "मी शिंगं काढली असती तर अजून दोन किलो वाढलं असतं न्हवं?" आणि स्वतःच हसले.

बायकोची तक्रार वेगळीच होती, की ओट्याशी उभं राहिलं की बंपर नडगीला लागतो आणि हात लांब करून भाजी हलवावी लागते. त्यावर उपाय सापडला नाही, पातळ फोमची पट्टी चिकटवलीय तेवढी. आई मात्र डबा दारात उभा असला की त्यावर बसून भाजी निवडते.

एक काम राहिलंय. बंपरच्या सावलीत नंबरप्लेट आली आणि तिचा दिवा झाकला गेला, रात्री नंबर दिसत नाही. प्लेट वर घेतली की हँडलच्या आड येते, बाजूला घेतली की लाल लाइटच्या आड. मेहुण्याला टेप घेऊन मोजायला सांगितलंय, फोन घरी ठेवून ये म्हणून.