जवळून वाघ दाखवणारा गाईड

चंद्रपुरात राहते म्हटल्यावर एप्रिल-मे लागला की पुण्या-मुंबईचे फोन ठरलेले. "ताडोबाला येतोय गं, अगदी जवळून वाघ दाखवेल असा गाईड आहे का ओळखीत?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितेय.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारच्या सफारीला एका पाणवठ्याशी थांबलो होतो. जिप्सीच्या दांड्याला हात लागला तरी चटका बसावा असं ऊन. वाघ जवळ असल्याचा इशारा देणारा चितळाचा कॉल झाला आणि बांबूतून वाघीण बाहेर आली, जीभ लोंबलेली, धापा टाकत. बघता बघता आठ-दहा जिप्स्या जमल्या. पाणी तिच्यापासून वीस पावलांवर आणि मधे आम्ही. ती दोनदा रस्त्याच्या कडेपर्यंत आली, कान मागे टाकले, थबकली. उन्हाळ्यात वाघाला नुसती तहान भागवायची नसते, तासन्‌तास पाण्यात बसून अंग निववायचं असतं. ती तोंडही न लावता बांबूत परत गेली. "दादा, थोडी पुढे घ्या ना," असं त्या गर्दीत मीही म्हटलं होतं. ते अजून सलतं.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण पाच बछड्यांना घेऊन रस्ता ओलांडत होती. दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या, मायलेकरं मधे अडकली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड निलंबित झाले. "अजून पुढे" म्हणणारे पर्यटक मात्र घरी फोटो टाकत बसले असतील. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवा, त्याला घेरू नका, हे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं २०१२ मध्येच सांगून ठेवलंय. गाईडलाही ते पाठ असतं. पण तो जवळच्या गावातला पोरगा. साइटिंग झाली नाही की लोकांची तोंडं पडतात, बक्षिसी आखडते, हेही त्याला पाठ असतं.

म्हणून मी आता गाडीत बसतानाच सांगते, "वाघ दिसो न दिसो, बक्षिसी तेवढीच. गाडी लांबच थांबवा." गेल्या खेपेला हे ऐकून चालकाचे खांदेच सैल झाले. वाघ दिसला नाही. त्यानं इंजिन बंद केलं आणि ऐनाच्या झाडाच्या सावलीत लोळणारा रानकुत्र्यांचा कळप आम्ही अर्धा तास बघत बसलो.

त्याचाच नंबर पाठवते तुम्हाला.