सत्तर तपासण्या, जोडप्याला सवलत

आमच्या मिरजेत डॉक्टरांचा तुटवडा कधीच नव्हता. वानलेससाहेबांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातून पेशंट येतात आणि दवाखान्यांच्या पाट्या मराठीबरोबर कानडीतही असतात. कुठल्या दुखण्याला कुठला डॉक्टर हे रिक्षावाल्यालासुद्धा पाठ. तरीही मोबाईलवर रोज जाहिरात येतेच: फुल बॉडी चेकअप, सत्तर तपासण्या, जोडप्याला सवलत, घरी येऊन रक्त नेणार.

मुलगा बेंगळुरूला असतो. त्यानं परस्पर बुकिंग करून टाकलं. हल्ली मुलांची माया ॲपमधून येते, त्याबद्दल तक्रार नाही. सकाळी एक पोरगा आला, बाटल्या भरल्या, बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि गेला. संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर. पानंच्या पानं, रंगीत, यकृताचं चित्र वगैरे, आणि मधे मधे लाल अक्षरं. आरडीडब्ल्यू लाल, एमपीव्ही लाल (ही रक्तपेशींच्या आकाराची मापं), माझं टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं माप, तेही लाल. ह्यांनी रात्री उशिरापर्यंत एकेक अक्षर गूगल केलं आणि त्या झोपमोडीनं सकाळी बीपी वाढवून घेतलं.

मी हायस्कुलात गणित शिकवलं, म्हणून मला दुसराच प्रश्न पडला. हे 'नॉर्मल' ठरतं कसं? बऱ्याच तपासण्यांत पद्धत अशी: निरोगी माणसांचा एक गट घ्यायचा, त्यांची मापं काढायची, मधली ९५ टक्के नॉर्मल धरायची आणि दोन्ही टोकांची अडीच-अडीच टक्के बाहेर ठेवायची. म्हणजे धडधाकट माणसांतलाही वीसातला एक व्याख्येनंच नॉर्मलबाहेर. आता एका तपासणीत नॉर्मल येण्याची शक्यता ०.९५. वीस तपासण्या सगळ्या नॉर्मल येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. उरलेले ६४ टक्के निरोगी लोक कुठं ना कुठं लाल होणार. साठ तपासण्या केल्या तर ९५ टक्के. (तपासण्या एकमेकींशी बांधलेल्या असतात, हिमोग्लोबिन खाली आलं की त्याची भावंडंही येतात, त्यामुळे खरा आकडा इतका सरळ नाही. साखर आणि कोलेस्टेरॉलच्या मर्यादा तर वेगळ्याच पद्धतीनं ठरतात. पण मुद्दा हलत नाही.) सत्तर तपासण्यांत काहीच लाल आलं नाही तर मला उलट त्या मशीनचीच काळजी वाटेल.

हा प्रकार नुसता करमणुकीचा असता तर लिहिलं नसतं. आमच्या खालच्या मजल्यावरची सून, वय चाळिशीतलं, तिच्या पॅकेजमध्ये सीए-१२५ नावाची तपासणी होती. ती वाढलेली आली. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ती वाढते, पण गर्भाशयातल्या साध्या गाठींनी वाढते, पाळीच्या दिवसांतही वाढते. रिपोर्टवर यातलं काहीच छापलेलं नव्हतं. सोनोग्राफी झाली, पुण्याला दाखवून झालं, घरातलं कुणी धड जेवेना, आणि शेवटी निघाली फायब्रॉइडची, म्हणजे तसलीच साधी, एक लहान गाठ, तिला त्रासही न देणारी.

दक्षिण कोरियात हेच देशभर झालं. १९९९ मध्ये त्यांनी कॅन्सरच्या सरकारी तपासण्या सुरू केल्या. थायरॉइड त्या यादीत नव्हतं, पण दवाखान्यांनी थोडे जादा पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. त्या कॅन्सरनं मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र जिथं होतं तिथंच राहिलं. सापडलेल्या बहुतेकांच्या ग्रंथी कापल्या गेल्या, अनेकांना जन्मभराची गोळी लागली, काहींचा आवाज गेला. त्या गाठी कुणी शोधल्या नसत्या तर बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागला नसता.

आमच्या डॉक्टरांकडे तो गठ्ठा घेऊन गेलो. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, जिना चढताना दम लागतो का, रात्री किती वेळा उठता. घोटा दाबून पाहिला, बीपी बसून आणि उभं राहून घेतलं. मग रिपोर्ट चाळून फक्त टीएसएचला गोल केला आणि म्हणाले, "वयाबरोबर थोडं वाढतंच. गोळी नको, तीन महिन्यांनी परत बघू." घरी येऊन शोधलं तर २०१७ चा एक मोठा अभ्यास सापडला: पासष्टीपुढच्या लोकांना एवढ्याशा वाढीसाठी गोळी देऊन लक्षणांत फरक पडला नव्हता. डॉक्टरांनी फी घेतली दीडशे रुपये. सत्तर आकड्यांमधून एक निवडण्याचे हे दीडशे मला फार स्वस्त वाटतात.

तपासण्या नकोतच असं माझं म्हणणं नाही. बीपी आणि साखर गुपचूप वाढतात, ती मोजायलाच हवीत. तिशीपुढच्या सगळ्यांसाठी सरकारी केंद्रात बीपी, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी असते, फुकट. यादी छोटीच. माझ्या मते त्या सत्तरांपेक्षा शहाणी.

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी तीसेक वर्षं मिसरी लावतात. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, तिखट लागलं की झोंबतं. त्यांच्या तोंडात आजवर कुणी बॅटरी मारून पाहिलेलं नाही. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून गेली, त्यात तंबाखूचा प्रश्न होता, मावशींनी खरं उत्तरही दिलं. पुढं केंद्रावर जायचं ते राहिलंय, कारण केंद्राची वेळ आणि धुण्याभांड्याची वेळ एकच. मी म्हटलं, माझ्याकडचा खाडा धरणार नाही, जाऊन या. "तुमचं झालं हो बाई," त्या म्हणाल्या, "बाकीच्या चार घरांचं काय?" त्यातल्या दोन घरांत मी स्वतः जाऊन बोलले. एकीनं लगेच हो म्हटलं. दुसरीनं विचारलं, त्यांच्यासाठी एखादं चांगलंसं पॅकेज नाही का मिळणार.